शेजारच्या सीटवरून

इटलीतल्या ब्रेशिया शहरातून १ मे १९५५ च्या सकाळी एक चंदेरी मर्सिडीझ ३०० एसएलआर सुटली. तिच्यावर लाल रंगात ७२२ हा आकडा होता. मिले मिलिया नावाच्या या शर्यतीत गाडी सुटण्याची वेळ हाच तिचा क्रमांक असे. म्हणजे ही गाडी ७ वाजून २२ मिनिटांची. स्टिअरिंगवर होता २५ वर्षांचा इंग्रज चालक स्टर्लिंग मॉस. त्याच्या शेजारी चष्मा लावलेला, लांब दाढीचा, ठेंगणा माणूस हातात एक डबी घेऊन बसला होता. तो ना मेकॅनिक होता, ना राखीव चालक. तो ‘मोटर स्पोर्ट’ या ब्रिटिश मासिकाचा वार्ताहर होता, डेनिस जेंकिन्सन.

ती डबी नीट पाहण्यासारखी होती. ॲल्युमिनियमची, वर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी आणि आत दोन रूळ. जुन्या घरांतून जन्मपत्रिका गुंडाळून ठेवत, तशी सतरा-अठरा फुटी कागदाची एक पट्टी त्या रुळांवर गुंडाळलेली. एक रूळ फिरवला की खिडकीत पुढचा मजकूर सरके. मजकूर म्हणजे रस्ता: कुठल्या किलोमीटरच्या दगडानंतर कोणतं वळण, कुठे रेल्वेचं फाटक, कुठे पूल, कुठे असा चढ की पलीकडचं काहीच दिसत नाही. वळणांचीही प्रतवारी लावलेली होती. काही नुसती खोडकर, काही दगाबाज, काही जीवघेणी. प्रत्येक जातीसाठी हाताची वेगळी खूण.

मिले मिलिया म्हणजे हजार मैल. ब्रेशियाहून निघून एड्रियाटिक समुद्राच्या कडेने पेस्कारा, तिथून डोंगर ओलांडून रोम, मग सिएना, फ्लॉरेन्स, बोलोन्या आणि परत ब्रेशिया. सुमारे १,६०० किलोमीटर, तेही बंदिस्त ट्रॅकवर नव्हे तर रोजच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर, गावांच्या मधून, दुतर्फा खेटून उभ्या गर्दीतून. इटालियन चालकांना हा रस्ता पाठ असे. तोवर एकाही ब्रिटिश चालकाने ही शर्यत जिंकली नव्हती. आठवणीच्या जोरावर इटालियनांना हरवणं अशक्य, तेव्हा आठवण कागदावर उतरवायची, अशी ही युक्ती. ती मूळची जॉन फिच या अमेरिकन चालकाबरोबरच्या चर्चेतून निघाली होती. मर्सिडीझने मॉसला गाडी दिल्यावर फिचने मोठ्या मनाने जेंकिन्सनला त्याच्याकडे जाऊ दिलं.

शर्यतीआधी काही आठवडे मॉस आणि जेंकिन्सन हे मर्सिडीझच्या निरनिराळ्या गाड्यांतून तो रस्ता पुन्हा पुन्हा घोकत होते. मॉस चालवी, जेंकिन्सन लिहून घेई. बोलण्यासाठी तोंड-कानाची यंत्रणा बसवून पाहिली, पण वळणात मॉसचं चित्त इतकं एकवटे की कानात पडलेलं त्याला ऐकूच येईना. मग हातांच्या खुणा ठरल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलेली खूण मात्र मॉसच्या मेंदूपर्यंत बरोबर पोचत असे.

भरवसा कुठून आला

ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास गाडी असताना समोर चढ, पलीकडे आभाळ. शेजारचा माणूस खूण करतो: दाब, पूर्ण दाब, पलीकडे रस्ता सरळ आहे. चालकाने पाय उचलायचा नाही. अशा एका चढावर गाडीने जमीन सोडली आणि ती चारही चाकांवर सरळ उतरली. पत्रकाराच्या शब्दावर मॉससारख्या चालकाने एवढा भरवसा का टाकावा?

त्याचं उत्तर जेंकिन्सनच्या पूर्वायुष्यात आहे. १९२० साली जन्मलेल्या या माणसाने लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग शिकायला घेतलं. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला त्याने तत्त्वासाठी नकार दिला. तो फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात काम करत राहिला. युद्ध संपल्यावर तो एरिक ऑलिव्हरच्या नॉर्टन मोटारसायकलला जोडलेल्या साइडकारमध्ये चढला. शर्यतीच्या साइडकारमधला माणूस हा प्रवासी नसतो. वळण एका बाजूला असेल तर त्याला जमिनीला टेकेल इतकं बाहेर लोंबकळावं लागतं, दुसऱ्या बाजूला असेल तर मागच्या चाकावर झेपावावं लागतं. त्याचं वजन योग्य क्षणी योग्य जागी गेलं नाही, तर तीन चाकांचं ते धूड उलटतं. १९४९ साली साइडकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑलिव्हर आणि जेंकिन्सन यांनी जिंकली. दुसऱ्याच्या हातात जीव देऊन शांतपणे आपलं काम करायचं, हे तो मर्सिडीझमध्ये बसण्याच्या सहा वर्षं आधीच शिकून चुकला होता.

शर्यतीत हाल काही कमी झाले नाहीत. इंजिनाची धग, पेट्रोल-तेलाचा वास आणि डाव्या-उजव्या हेलकाव्यांनी जेंकिन्सनला ओकारी आली. त्याने तोंड बाहेर काढलं आणि वाऱ्याने चष्मा उडवून नेला. दुसरा चष्मा त्याने बरोबर घेतला होता. तो चढवून तो पुढचा कागद सरकवू लागला. रोमला पोचले तेव्हा ते पहिले होते आणि इटलीत तर समज असा की रोमला जो पुढे, तो शेवटी जिंकत नाही. हा समज त्यांनी खोटा ठरवला. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते ब्रेशियाला परतले. सरासरी वेग ताशी सुमारे १५७ किलोमीटर. एकट्याने गाडी हाकणारा हुआन मॅन्युएल फान्जिओ अर्ध्या तासाहून अधिक मागे, दुसरा. शर्यत बंद पडेपर्यंत हा विक्रम कुणी मोडला नाही. शर्यतीनंतरच्या छायाचित्रात दोघांचे चेहरे काजळीने काळे झालेले आहेत.

‘मोटर स्पोर्ट’च्या जून १९५५ च्या अंकात जेंकिन्सनने हा सगळा वृत्तांत लिहिला. मोटार-पत्रकारितेतला सर्वांत गाजलेला लेख कोणता, असं विचारलं तर जाणकार आजही बहुधा याचंच नाव घेतील. त्या लेखात फुशारकी जवळपास नाहीच. नोंदी कशा केल्या, खुणा कशा ठरल्या, कुठे काय फसलं, कोणत्या क्षणी काय दिसलं, हे एखाद्या कारागिराने सांगावं तसं क्रमाने येतं. चष्मा उडाल्याचंही त्याच सुरात. थरार सांगायला विशेषणं लागतच नाहीत, कारण जे घडलं ते जागच्या जागी बसलेलं असतं.

लिहिणारे आणि हाकणारे

जेंकिन्सन एकटा नव्हता. ब्रिटनमध्ये ‘दि ऑटोकार’ हे साप्ताहिक १८९५ पासून निघत होतं. त्याचा क्रीडा-संपादक एस. सी. एच. डेव्हिस, सगळ्यांचा ‘सॅमी’. १९२७ च्या ल माँ या चोवीस तासांच्या शर्यतीत तो बेंटली चालवत होता. संध्याकाळ उतरताना एका वळणाआधी त्याला रस्त्यावर माती आणि लाकडाच्या ढलप्या पडलेल्या दिसल्या. पुढे काहीतरी झालंय हे ओळखून त्याने ब्रेक दाबला, तरी वळणापलीकडे एकमेकांत घुसलेल्या गाड्यांवर त्याची गाडी आदळलीच. दुसऱ्या दोन बेंटलीही त्याच ढिगाऱ्यात गेल्या. नियम असा की दुरुस्ती चालकानेच करायची, तीही गाडीतल्या अवजारांनी. वाकलेल्या सांगाड्याची गाडी घेऊन डेव्हिस आणि त्याचा जोडीदार डॉ. बेंजाफिल्ड रात्रभर चालत राहिले आणि दुसऱ्या दिवशी जिंकले. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात विजयाची मेजवानी झाली, तेव्हा त्याच ठोकलेल्या, मळक्या गाडीला जेवणाच्या दालनात आणून मानाची जागा दिली गेली.

बेल्जियमचा पॉल फ्रेअर तर आणखी पुढे गेला. शिक्षणाने इंजिनिअर, पेशाने पत्रकार. १९५६ च्या बेल्जियन ग्रां प्रीत फेरारी चालवून तो दुसरा आला. १९६० साली ऑलिव्हिए जांदबिएँबरोबर त्याने ल माँ जिंकली. मागे इंजिन असलेली पोर्शे ९११ वळणात मधेच ॲक्सिलरेटर सोडला की मागून का सटकते, टायरची पकड कधी आणि कशी संपते, असल्या प्रश्नांवर तो शांत शिक्षकासारखा लिहीत असे. गाडी चालवण्याच्या कौशल्यावरचं त्याचं १९६३ चं पुस्तक पुढच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासलं. बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवरच्या एका वळणाला आज त्याचं नाव आहे.

अमेरिकेत डेनिस मॅकक्लगेज ही बाई ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’साठी लिहीत असे आणि ठिपक्यांचं हेल्मेट घालून शर्यती खेळत असे. १९६१ साली सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत तिने फेरारी चालवून जीटी गटात पहिला क्रमांक मिळवला. त्याच काळात इंडियानापोलिसच्या पिटमध्ये आणि गॅरेजांच्या आवारात बायकांना मज्जाव होता, मग ती पत्रकार असो की चालक. तिने ‘कॉम्पिटिशन प्रेस’ हे नियतकालिक सुरू करण्यात भाग घेतला. तेच पुढे ‘ऑटोवीक’ झालं. दाराबाहेर ठेवलेल्या या पत्रकाराला २००१ मध्ये अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. पत्रकारांत असा मान मिळवणारी ती पहिली.

पण शर्यत जिंकली म्हणजे थोर पत्रकार, असा याचा अर्थ लावला तर सगळंच फसेल. ‘मोटर स्पोर्ट’चा संपादक बिल बॉडी याने कधी ल माँ जिंकली नाही. १९३६ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षं, त्याने एकच मासिक सांभाळलं. युद्धात त्याच्यामागे सरकारी नोकरी होती, तेव्हाही मासिक बंद पडू दिलं नाही. हिरव्या मुखपृष्ठाच्या त्या अंकांत वाचकांची पत्रं लेखांइतक्याच अगत्याने छापली जात. ब्रिटिश कारखाने जगभर गाड्या विकत होते त्या पन्नासच्या दशकात बॉडीने जर्मन फोक्सवॅगन बीटल स्वतः वापरून तिचं कौतुक केलं. ते अनेकांना झोंबलं, कारण युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. पण रोजच्या वापरात जे दिसलं ते त्याने लिहिलं. जेंकिन्सनसारखा माणूस वर्षभर युरोपभर हिंडत पाठवेल ते कापाकापी न करता छापणारा संपादक मागे होता, म्हणून तो लेख झाला.

अटलांटिकपलीकडे टॉम मॅकेहिल ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’मध्ये १९४६ पासून गाड्यांच्या चाचण्या लिहू लागला. कारखान्याची पत्रकं सांगतात ते ठेवा बाजूला, मी स्टॉपवॉच लावतो, अशी त्याची भूमिका. ० ते ६० मैल वेग घ्यायला किती सेकंद लागतात, हे माप लोकप्रिय करण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. आज आपण ‘० ते १००’ विचारतो ते त्याचंच वारस. आणि ब्रिटनमध्ये एल. जे. के. सेटराइट. बस कंडक्टरच्या तिकीट-यंत्राच्या शोधकाचा हा मुलगा. शिकला कायदा, ‘कार’ मासिकात लिहिलं गाड्यांवर, आणि लिहिताना लॅटिन, संगीत, धर्मशास्त्र यांना सहज बोलावून घेई. त्याच्याशी सहमत होणं कठीण जाई, पण वाचणं सोडवत नसे.

जवळून पाहण्याची किंमत

इथवर सगळं कौतुकच झालं. पण या माणसांचं खरं मोल कळायला त्यांच्यातल्या एकाची मोठी चूकही समोर ठेवायला हवी.

मॉसच्या विजयानंतर सहा आठवड्यांतच, ११ जून १९५५ ला, ल माँमध्ये त्याच जातीची मर्सिडीझ दुसऱ्या गाडीला धडकून उडाली आणि प्रेक्षकांत कोसळली. चालक पिएर लव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक ठार झाले. त्या मोसमाअखेर मर्सिडीझने शर्यतींतून अंग काढून घेतलं. १९५७ च्या मिले मिलियात अल्फॉन्सो द पोर्तागोची फेरारी गुइदित्सोलोजवळ गर्दीत घुसली. तो, त्याचा साथीदार आणि नऊ प्रेक्षक गेले. हजार मैलांची वेगाची शर्यत तिथेच संपली. पुढे १९६८ साली एप्रिल ते जुलै अशा चार महिन्यांत जिम क्लार्क, माइक स्पेन्स, लुडोविको स्कार्फिओटी आणि जो श्लेसर असे चार नामवंत चालक गेले.

या पार्श्वभूमीवर चालक जॅकी स्ट्यूअर्टने सुरक्षेची मोहीम उघडली. त्याला कारण होतं. १९६६ च्या स्पा शर्यतीत पावसात त्याची गाडी रस्त्याबाहेर जाऊन चेपली. तो आत अडकला आणि अंगावर पेट्रोल गळत होतं. सोडवायला संयोजकांची मदत नव्हती. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरन्ट या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका प्रेक्षकाकडचा पाना मागून स्टिअरिंग सोडवलं आणि त्याला बाहेर काढलं. त्यानंतर स्ट्यूअर्टने पाना गाडीतच चिकटवून ठेवला आणि संयोजकांच्या मागे लागला: कठडे लावा, डॉक्टर ठेवा, झाडं आणि खांब हटवा. १९६९ साली चालकांनी स्पावर बहिष्कार टाकला आणि त्या वर्षी बेल्जियन ग्रां प्री झालीच नाही.

जेंकिन्सनला हे सगळं मानवलं नाही. धोका हा या खेळाचा गाभा आहे, ज्याला भीती वाटते त्याने बाजूला व्हावं, असा त्याचा कल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मासिकातून स्ट्यूअर्टवर बोचरी टीका केली आणि स्ट्यूअर्टनेही तितकंच सडेतोड उत्तर दिलं. इतिहासाने कौल स्ट्यूअर्टच्या बाजूने दिला आहे. आज फॉर्म्युला वनच्या भीषण अपघातांतून चालक चालत बाहेर येतात, त्यात त्या मोहिमेचा वाटा मोठा.

असं का झालं असावं? जेंकिन्सन स्वतः साइडकारमधून लोंबकळला होता, मर्सिडीझमधून उडाला होता आणि जिवंत राहिला होता. आपण घेतलेला धोका आपल्या खुशीचा होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच खुशीत रस्त्याकडेला उभ्या मुलांची खुशी गृहीत धरली गेली, आणि घरी वाट पाहणाऱ्यांचीही. ज्या जवळिकीने त्याचं वृत्त खरं केलं, तिनेच त्याचं मत आंधळं केलं. साक्षीदार म्हणून तो अजोड होता. न्यायाधीश म्हणून मात्र त्याचा निवाडा टिकला नाही.

कुर्ल्याची फियाट आणि आपले परीक्षक

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९५५ च्या मिले मिलियात मर्सिडीझ आणि फेरारीच्या मागे छोट्या फियाट ११०० गाड्याही धावत होत्या. याच फियाटच्या कुळातली गाडी मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनत राहिली आणि पुढे पद्मिनी नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. पण तिची चाचणी घेऊन ‘घ्यावी की नाही’ असं लिहिणारा मात्र आपल्याकडे फारसा निपजला नाही.

कारण उघड आहे. परवाना राज्यात ग्राहकाला निवडच नव्हती. अँबेसडर, फियाट, स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. बजाज स्कूटरचंही तेच. नंबर लागला तर जे मिळेल ते देवाचा प्रसाद. ज्या बाजारात नकार देण्याची सोय नाही, तिथे परीक्षकाला काम काय? म्हणून आपला खरा परीक्षक गल्लीच्या तोंडावरच्या गॅरेजातला मिस्त्री होता. ‘पिकअप नाही राहिला’, ‘घाटात लोड घेत नाही’, ‘क्लच प्लेट गेलीय’ ही त्याची भाषा, आणि अ‍ॅव्हरेज किती देते हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. मिस्त्रीनेही गाडीबद्दलचं मत गाडी उघडून, हात काळे करून बनवलेलं असे. मॅकेहिलशी त्याचं नातं जवळचं होतं, फक्त तो लिहीत नव्हता.

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, १९९१ नंतर बाजार उघडला आणि तुलना करण्यासारखं काहीतरी लोकांच्या हाती आलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतून ‘ओव्हरड्राइव्ह’ आणि ‘ऑटोकार इंडिया’सारखी इंग्रजी मासिकं निघाली. चाचणीचे आकडे, ब्रेकचं अंतर, शहरातलं आणि महामार्गावरचं अ‍ॅव्हरेज वेगवेगळं छापलं जाऊ लागलं. खंबाटकी किंवा बोरघाटात गाडी कशी वागते, हे विकत घेण्याआधी वाचता येऊ लागलं.

आता मोबाइलवर गाडीचं परीक्षण करणाऱ्यांचा सुकाळ आहे. त्यातले काहीजण कष्टाळू आहेत, काही कंपनीने दिलेल्या गाडीत, कंपनीने दिलेल्या हॉटेलात राहून, कंपनीने आखलेल्या रस्त्यावर दोन तास चालवून निकाल देतात. दोष एकट्या त्यांचा नाही. सगळ्यांच्या आधी निकाल द्यायची घाई त्यांच्यावर लादलेली असते. बॉडीने बीटल रोजच्या वापरात पारखून मग लिहिलं; जेंकिन्सनने आठवड्यांमागून आठवडे एकाच रस्त्याचे दगड मोजले. त्यांना तो वेळ देणारं मासिक होतं आणि ते मासिक विकत घेऊन वाचणारे वाचक होते.

म्हणूनच जुन्या मोटार-पत्रकारांचं कौतुक करायचं तर ते त्यांच्या धाडसासाठी किंवा दाढीसाठी करू नये. ते करावं नोंदीसाठी. गाडी कुणाची होती, रस्ता कोणता, किती किलोमीटर, काय मोजलं, कुठे फसलो, हे ते सांगत आणि मग मत देत. मत पटलं नाही तरी नोंद आपल्या हातात राही आणि तिच्यावरून आपण आपलं मत बनवू शकत असू. जेंकिन्सनच्या वृत्तांताचं तेच झालं. सुरक्षेबद्दल त्याच्याशी हाडवैर असलेला माणूसही १ मे १९५५ चा तो रस्ता त्याच्याच नोंदींवरून समजून घेतो, आणि असे रस्ते शर्यतीला का वापरू नयेत याचा सर्वांत भक्कम पुरावाही त्याला त्याच नोंदींत सापडतो. पुढच्या वेळी गाडी घेण्याआधी एखादं परीक्षण वाचाल किंवा पाहाल, तेव्हा लिहिणाऱ्याचा निकाल थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्याने नेमकं काय पाहिलं एवढंच शोधा. तेवढं सापडलं, तर निकाल तुमचा तुम्हाला देता येईल.